लाळेची साक्ष

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांतून झळकते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्या शेंड्यावर निशाण लावले जाते, आणि एका काठावरचे पांढुर्णा व दुसऱ्या काठावरचे सावरगाव परस्परांवर दगडांचा वर्षाव करू लागतात. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, क्वचित प्राणही जातात. त्या दिवशी नदीकाठी पोलीस असतात, डॉक्टर असतात, रुग्णवाहिका सज्ज असतात. आणि दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा छापून येतो. गोटमारीच्या प्रथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हांला त्याच मुलखातील दुसऱ्या जखमांविषयी लिहावयाचे आहे. ह्या जखमा गालाच्या आतल्या अस्तरावर, जिभेच्या कडेला, हिरडीच्या खाचेत होतात. प्रारंभी त्यांतून रक्त येत नाही, ठणका लागत नाही, आणि म्हणून त्यांची गणती करण्यास कोणी नदीकाठी उभे राहत नाही.

तंबाखू आणि सुपारी ह्यांपासून होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा हा प्रश्न आहे. त्याचा सुगावा माणसाच्या लाळेतूनच आगाऊ लागू शकेल, अशी आशा गेली वीस-बावीस वर्षे शास्त्रज्ञ बाळगून आहेत. ही आशा खरी किती आणि अतिशयोक्त किती, आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या भागातील खर्रा खाणाऱ्या मजुराला तिचा उपयोग कोणत्या अटींवर होईल, ह्याचा विचार समुद्रकाठच्या वाचकांनी करावा, ह्यास कारण आहे. ते कारण पुढे येईलच.

सीमेवरचा मुलूख

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्यप्रदेशात असले, तरी तेथील घराघरांतून मराठी बोलली जाते. १९५६ पूर्वी ह्या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन तालुके मध्यप्रदेशात राहिले. सरकारचा कारभार हिंदीत आणि घरचा व्यवहार मराठीत, अशी ह्या लोकांची दुहेरी दिनचर्या तेव्हापासून चालू आहे. संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते हे येथले धन. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले.

शासकीय नकाशा काही म्हणो, दुखणे मोठे झाले की ह्या भागातील माणसाची वाट नागपूरकडे वळते. अंतर शंभर किलोमीटरच्या आतले, भाषा ओळखीची, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय, राष्ट्रीय कर्करोग संस्था, शासकीय दंत महाविद्यालय व एम्स अशा संस्था तेथे आहेत. नागपूरकडून ह्या भागाकडे येणाऱ्या गोष्टींत मात्र एक गोष्ट अशी आहे की ती न येती तर बरे झाले असते. ती म्हणजे खर्रा.

आमच्या बाजूच्या वाचकांना खर्रा कदाचित ठाऊक नसेल. बारीक फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना हे एकत्र करून पन्नीवर घोटघोट घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मावा म्हणतात, त्याचाच हा भाऊ. सकाळी कामावर जाताना घेतलेली पुडी गालात थोडीथोडी ठेवीत दिवस काढायचा, ही रीत. सिगारेटच्या पाकिटावर किंवा तंबाखूच्या पुडीवर धोक्याचे चित्र छापण्याची सक्ती आहे; २०१६ पासून ते चित्र पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असावे लागते. टपरीवर हाताने घोटलेल्या खऱ्र्याला पाकीटच नाही, तेव्हा चित्र कोठे छापणार? कायद्याची इतकी मोठी तरतूद ह्या एवढ्याशा पन्नीपाशी येऊन थिटी पडते.

मध्यप्रदेश सरकार ह्या बाबतीत मागे होते असे नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांचा आधार घेऊन एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालणारे ते पहिले राज्य होय. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचे अनुकरण केले. परंतु व्यापाऱ्याची बुद्धी कायद्याच्या चार पावले पुढे धावते. पान मसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत असा जोडविक्रीचा धंदा सुरू झाला. दोन्ही पुड्या तोंडात गेल्या की पुन्हा गुटखाच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात मध्यप्रदेशातील प्रौढांपैकी ३४.२ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते आणि त्यांतील बहुतेक न जाळता, म्हणजे तोंडात ठेवून, वापरीत होते. त्याच सर्वेक्षणात गोव्याचा आकडा ९.७ टक्के होता. आपल्या राज्याला अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे. पण अभिमानाबरोबर एक ऋणही येते.

सुपारीचे ऋण

हे ऋण कसले? खऱ्र्यात वजनाने जे सर्वांत अधिक असते ती सुपारी नागपूरच्या रानात पिकत नाही. ती किनारपट्टीचे पीक आहे. कर्नाटकाचा किनारा व मलनाड, केरळ, कोकण आणि आमच्या फोंडा, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांतील कुळागरे ही तिची माहेरघरे. श्रीवर्धनच्या सुपारीची कीर्ती तर सर्वज्ञात आहे. पोफळीच्या सावलीत आमची कित्येक घराणी पिढ्यान् पिढ्या जगली, मुलांची शिक्षणे त्यावर झाली, देवळांचे उत्सव त्यावर चालले. देवापुढे मांडलेला विडा, गणपतीच्या जागी पुजलेली सुपारी, लग्नाची बोलणी पक्की करणारी पान-सुपारी ह्यांवाचून आमचे एकही मंगलकार्य होत नाही. त्या सुपारीविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही. पाटावर ठेवलेली सुपारी कोणाचे वाईट करीत नाही. गालात अष्टौप्रहर ठेवलेली करते.

‘दोष तंबाखूचा, सुपारी बिचारी निरपराध,’ असे बागाईतदार बंधू म्हणत असतात. हे म्हणणे आता टिकण्यासारखे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसह खाल्लेला विडा कर्कजनक असल्याचा निर्णय १९८५ मध्येच दिला होता. २००४ मध्ये तिने तंबाखूविरहित सुपारीही माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. सुपारीतील अरेकोलिन नावाचे द्रव्य गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढवते. अस्तर पांढुरके आणि कातड्यासारखे ताठ होते, तिखट सोसवत नाही, आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली ह्या विकाराचे भारतात प्रथम वर्णन केले. केरळातील अशा रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यापैकी ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाल्याचे आढळले. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून ती आपल्या दातांच्या मधून आत जातात की नाही, हे ज्याने त्याने आजच पाहावे. जात नसतील तर ते थांबण्याजोगे दुखणे नव्हे.

किनाऱ्यावर पिकलेले फळ देशावरच्या मजुराच्या गालात जाऊन हे करीत असेल, तर पांढुर्णा आमच्यापासून शेकडो कोस दूर आहे असे म्हणून आम्हांला मोकळे होता येणार नाही. शिवाय आमचे घरही सर्वस्वी स्वच्छ नव्हते. पेटलेले टोक तोंडात धरून धुमटी ओढणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांच्या टाळूवर काय परिणाम होतात, ह्याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतवैद्यकांनी केला आणि ५,४४९ ग्रामस्थांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडे उघडून पाहणारे कोणी तरी त्या काळी आमच्या खेड्यांत येऊन गेले होते, हे विसरू नये.

लाळ काय सांगते

आता लाळेकडे वळू. कानाजवळच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींच्या तीन जोड्या व तोंडभर विखुरलेल्या असंख्य लहान ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरवतात. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एक टक्क्यात सारे गूढ आहे. तोंडाच्या अस्तरावरून पेशी सतत गळत असतात. त्या पेशींतील प्रथिने, त्यांचे जनुकीय संदेश वाहणारे रेणू, सूज आली असता शरीराने सोडलेली द्रव्ये हे सर्व लाळेत उतरते. एखाद्या कोपऱ्यात पेशी बिघडू लागल्या, तर त्या बिघाडाचे पडसादही तिच्यात उमटावेत, हे तर्काला धरून आहे. अशा खुणांना शास्त्रज्ञ निदर्शक म्हणतात.

अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने ह्या दिशेने पद्धतशीर काम केले. २००४ साली त्यांनी दाखवले की लाळेतील काही संदेशवाहक रेणूंचे मिश्र मापन करून कर्करोगी व निरोगी माणसे शेकडा ९१ इतक्या अचूकतेने वेगळी ओळखता येतात. २००८ मध्ये पाच प्रथिनांच्या मापनाने शेकडा ९० रोगी ओळखता आले आणि निरोग्यांपैकी शेकडा ८३ बिनचूक निरोगी ठरले. २०१२ मध्ये पाच निरनिराळ्या गटांतील ३९५ व्यक्तींच्या लाळेवर फेरतपासणी झाली, तीत इंटरल्यूकिन-८ सारखे निदर्शक पुन्हा टिकाव धरून राहिले. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. एका नळीत लाळ टाकली की काम झाले! खेड्यातील माणसाला इतकी सोयीची दुसरी तपासणी कोणती असणार?

येथपर्यंतचा भाग आशेचा आहे. पुढचा भाग विवेकाचा.

पहिली अडचण अंकगणिताची आहे आणि ती शाळकरी मुलालाही कळेल. समजा, पांढुर्णा तालुक्यातील तंबाखू खाणाऱ्या एक हजार माणसांची लाळ तपासली, आणि त्यांपैकी पाचांना खरोखर कर्करोग आहे असे गणितापुरते धरले. शेकडा ९० च्या हिशेबाने त्या पाचांतील चार किंवा पाच सापडतील. पण उरलेल्या ९९५ निरोग्यांपैकी शेकडा १७, म्हणजे सुमारे १६९ जणांनाही ‘तुमच्या लाळेत दोष दिसतो’ असा निरोप जाईल. ह्या प्रत्येकाने मजुरी बुडवून नागपूर गाठायचे, तुकडा काढून तपासायला द्यायचा, अहवाल येईपर्यंत बायकामुलांसह झोप हरवून बसायचे. आणि शेवटी त्यांच्यातील बहुतेकांना काहीच नाही असे निघायचे. पुढच्या वर्षी त्या गावात लाळेची नळी घेऊन गेलेल्या कार्यकर्तीला कोणी दार उघडील काय?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रयोगशाळेत रोग्यांची तुलना बहुधा चांगल्या दातांच्या, निरोगी माणसांशी केलेली असते. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाची अवस्था तशी कोठे असते? हिरड्या सुजलेल्या, दातांवर कीट, जागोजाग चुन्याने भाजल्याच्या खुणा. इंटरल्यूकिन-८ हे मुळात दाहाचे द्रव्य. ते हिरड्यांच्या सुजेनेही वाढते. म्हणजे निदर्शक वर चढला तो कर्करोगाने की पायोरियाने, हा प्रश्न ज्यांच्यासाठी चाचणी हवी त्यांच्याच बाबतीत सर्वांत बिकट होतो. ज्या चाचणीची परीक्षा अशा तोंडांतून झालेली नाही, तिच्यावर अशा तोंडांसाठी विसंबणे बरोबर नाही. त्यात लाळ कोणत्या वेळी घेतली, आधी काय खाल्ले होते, नळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थंड राहिली की उन्हात तापली, ह्या सर्वांनी उत्तर बदलते. विदर्भाच्या वैशाखात बर्फाची पेटी सांभाळणे हे वाटते तितके सोपे नाही.

तिसरी अडचण मनुष्यस्वभावाची. ज्याची लाळ निर्दोष निघेल त्याला वाटेल, सरकारनेच दाखला दिला. आता पन्नी बिनघोर सोडावी! निरोगीपणाचे प्रमाणपत्र व्यसनाचा परवाना होऊन बसले, तर चाचणीने तारण्याऐवजी बुडवले असेच म्हणावे लागेल.

आज हाती काय आहे

ह्याचा अर्थ लाळेचे संशोधन व्यर्थ आहे असा कोणी करू नये. ते झालेच पाहिजे, आणि आम्ही तर म्हणू की ते पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणीच झाले पाहिजे. कर्करोग झालेला खर्राबाज आणि न झालेला खर्राबाज, दोघांच्याही हिरड्या सारख्याच सुजलेल्या, अशांची तुलना करून जो निदर्शक टिकेल तोच आमच्या कामाचा. नागपूरच्या संस्थांना हे अभ्यासक्षेत्र हाकेच्या अंतरावर आहे. मात्र लाळ देणाऱ्याला ती कशासाठी घेतली जाते हे त्याच्या मराठीत समजावून सांगितले पाहिजे, आणि जो काही निष्कर्ष निघेल तो त्याच्यापर्यंत परत पोचला पाहिजे. नमुने घेऊन जाणारे पुष्कळ येतात आणि उत्तर घेऊन परत कोणी येत नाही, हा खेड्यांचा जुना अनुभव आहे.

पण संशोधन पूर्ण होईतो हात बांधून बसण्याचे काहीच प्रयोजन नाही, कारण लाळेहून जुनी, स्वस्त आणि कसाला उतरलेली एक तपासणी आज उपलब्ध आहे. ती म्हणजे तोंड उघडून उजेडात नीट पाहणे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी भारतीयांच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग ह्यांचा संबंध उलगडला, डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मराठी मुलखाला ही परंपरा नवी नाही.

ह्या तपासणीने प्राण वाचतात काय, ह्याचे उत्तर केरळाने दिले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. सात पंचायतींमध्ये पस्तीस वर्षांवरील लोकांची तोंडे ठराविक काळाने तपासली, सहांमध्ये नेहमीचीच व्यवस्था राहू दिली. तपासणारे डॉक्टर नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर आरोग्यसेवक होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या पंचायतींमध्ये ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. व्यसन नसलेल्यांना मात्र असा लाभ दिसला नाही, आणि म्हणून सरसकट सर्वांची तोंडे तपासण्यापेक्षा व्यसनी माणसांची नेमाने तपासावीत, हा धडा त्यातून निघतो.

पाहणाऱ्याने पाहायचे तरी काय? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. त्याहून अधिक धोक्याचा मखमलीसारखा लाल चट्टा. पंधरा दिवसांत न भरणारे क्षत. गालात हाताला लागणारी गाठ. कमी होत गेलेले तोंडाचे उघडणे. एक विजेरी, एक लाकडी चपटी काडी, हातमोजे आणि शिकलेले डोळे एवढीच सामग्री. रोग प्रथमावस्थेत सापडला, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. जबडा पोखरला जाऊन गळ्यात गाठी आल्यावर सापडला, तर शस्त्रक्रियेने चेहरा जातो आणि पुष्कळदा जीवही वाचत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार मरण पावले.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच तिशीच्या पुढील प्रत्येकाची तोंडतपासणी दर पाच वर्षांनी करण्याची योजना आखली. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन तंबाखूविषयी विचारायचे, आरोग्यकेंद्रात तपासणी करायची, संशय आल्यास पुढे पाठवायचे, असा तिचा क्रम. कागदावर योजना निर्दोष आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के लोकांचीच अशी तपासणी आयुष्यात कधी तरी झाल्याचे आढळले. शंभरांतले एक! जेथे नव्याण्णव तोंडांत कोणी डोकावलेलेच नाही, तेथे लाळेतील सूक्ष्म रेणूंची चर्चा म्हणजे घरात पणती नसताना विजेच्या दरांवर वाद घालणे होय.

काय करावे

पांढुर्णा हा नवा जिल्हा आहे, ही आम्ही अडचण मानीत नाही. ती संधी आहे. नव्या कारभाराला जुन्या खोडी अजून जडलेल्या नसतात. दोन-तीन तालुक्यांचा हा लहान जिल्हा; तेथील तिशीवरील तंबाखूभक्षकांची यादी गावोगावी तयार करणे आणि त्यांतील प्रत्येकाचे तोंड वर्षातून एकदा पाहणे, हे एका वर्षाच्या निर्धाराचे काम आहे. स्त्रियांसाठी स्त्री कार्यकर्तीच हवी. दातांना तंबाखू लावणारी सासुरवाशीण परक्या पुरुषापुढे तोंड उघडणार नाही. सूचनापत्रे आणि समजुतीची भाषा मराठी असावी. सरकारदरबारची भाषा कोणतीही असो, भीतीच्या क्षणी माणसाला आईची भाषा कळते.

दुसरे असे की नागपूरपर्यंतची वाट रुग्णाने एकट्याने शोधू नये. शक्यतो तुकडा जिल्ह्यातच काढावा आणि प्रवास त्या बाटलीने करावा; रोग निश्चित झाल्यावरच माणसाने करावा. आयुष्मान भारत योजनेचा लाभ एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयात घेता येतो; पण हे पांढुर्ण्याच्या किती कुटुंबांना कोणी सांगितले असेल? दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून ह्या सीमेवरच्या रुग्णांसाठी साधी, लेखी व्यवस्था करावी. कर्करोग सीमा ओलांडताना कोणाची अनुमती मागत नाही. उपचारालाही ती मागावी लागू नये.

तिसरे, तपासणीबरोबर व्यसन सोडवण्याचा हात दिला पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम ह्या जिल्ह्यांत ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून, तोंडे तपासून समजावण्याचा प्रयोग केला आणि १९८६ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले. आपल्या तोंडातील चट्टा आरशात दाखवून केलेला उपदेश भिंतीवरच्या घोषणेपेक्षा मनाला अधिक लागतो, आणि सवय सुटली की पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाणही घटते, हे त्यातून दिसून आले. ज्याला सोडायचे आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.

चौथे, गर्दी जेथे आपण होऊन जमते तेथे आरोग्यखात्याने जावे. गोटमारीच्या दिवशी नदीकाठी डॉक्टर असतातच. त्यांच्या शेजारी तोंडे पाहणारा एक तंबू का नसावा? सौंसरजवळच्या जामसावळीला निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास येणाऱ्यांत व्याधिग्रस्तांची संख्या मोठी असते. मारुतीरायाला नवस बोलणाऱ्याला ‘बाबा, आधी जरा आ कर’ एवढे म्हणण्याने श्रद्धेचा काहीच अवमान होत नाही.

राहता राहिला आमचा किनारा. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास आळा घालणारा कायदा १९९७ मध्ये केला आणि २००५ मध्ये कायद्याने गुटखाबंदी आणली. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी तंबाखूविरुद्ध लोकमत तयार करण्यासाठी खस्ता खाल्ल्या, तेव्हा ते दिवस आले. हा अनुभव आपण देशावरच्या बांधवांना सांगितला पाहिजे. कुळागरांच्या मालकांनीही आपले फळ शेवटी कोणत्या पन्नीत जाते ह्याकडे डोळेझाक करू नये. एका रात्रीत पोफळी तोडा असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यांवर संसार उभे आहेत. पण मिरी, जायफळ, केळी ही कुळागरातील जुनीच पिके आहेत. त्यांचा वाटा वाढवण्यास शेतकीखात्याने आजपासून हात द्यावा आणि बागाईतदाराने तो घ्यावा. आमच्या मच्छीमार वाड्यांवरही तंबाखू खाणारे आहेत. त्यांची तोंडे कोण पाहते, हा प्रश्न आपल्या आरोग्यकेंद्राला प्रत्येक ग्रामसभेने विचारावा.

लाळेची चाचणी आज ना उद्या सिद्ध होईल असा आमचा विश्वास आहे, आणि ती होईल तेव्हा आम्ही तिचे स्वागतच करू. पण तिने संशय व्यक्त केल्यानंतर तोंड उघडून पाहणारा माणूस, तुकडा तपासणारी प्रयोगशाळा आणि उपचारापर्यंत नेणारी वाट लागणारच आहे. ती वाट आधी बांधली असेल, तर लाळेच्या साक्षीला अर्थ राहील. न बांधता केवळ साक्ष नोंदवून घेतली, तर ते न्यायाधीशाविना चालवलेल्या खटल्यासारखे होईल. पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या शासनकर्त्यांनी ह्या पोळ्याला दगडांच्या जखमांबरोबर ह्या मुक्या जखमांचीही मोजदाद सुरू करावी, आणि आमच्या वाचकांनी आज रात्री निजण्यापूर्वी आरशापुढे दिवा धरून स्वतःचे तोंड एकवार पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.